इंग्रजी वाचनारंभ
मराठी माध्यमातील मुलांना इंग्रजी वाचनाची ओळख करून देण्याची प्रक्रिया. महाराष्ट्रात २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्यापूर्वी ती पाचवीपासून असे. इंग्रजी अध्यापनाच्या प्रशिक्षणासाठीची राज्यस्तरीय शासकीय संस्था छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे होती.

बाराखडीत अक्षराचे नाव आणि उच्चार बहुधा एकच असतात. इंग्रजीत मात्र २६ अक्षरे सुमारे ४४ ध्वनी दर्शवतात. ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये ‘क्’ होते. शिवाय देवनागरी व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असल्याने मूल ‘बॅट’ वाचताना ‘ब-ॲ-ट’ असे तुटक म्हणते. अशा वेळी शिकवणारा अक्षराखाली बोट सरकवत ‘ब्-ॲ-ट्’ असे पाय मोडलेले उच्चार करवून घेतो व ते जोडायला लावतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ही चिन्हे मराठी लेखनात रुळलेली असल्याने हे स्वर मुलांना ओळखीचे वाटतात.