बीड जिल्हा : पक्षिनिरीक्षण

बीड जिल्ह्यातील नदीकाठ, जलाशय, माळराने, रब्बीची शेते आणि बालाघाटातील झुडपी जंगल येथील पक्ष्यांचे निरीक्षण. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी. असून उत्तर सीमेवर गोदावरी, तर दक्षिणेकडे मांजरा वाहते. प्रदेश अवर्षणप्रवण असल्याने पाणपक्ष्यांची आजची ठिकाणे बहुतांशी धरणांमुळे निर्माण झालेली आहेत.

गोदाकाठ व जलाशय : गेवराई तालुक्यातील उमापूरच्या परिसराला जवळचा मोठा जलाशय म्हणजे जायकवाडी धरणाचा नाथसागर. धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले. जलाशय व काठ मिळून सुमारे ३४१ चौ. किमी. क्षेत्र १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य घोषित झाले. ते छत्रपती संभाजीनगर व अहिल्यानगर जिल्ह्यांत मोडते. पण पक्षी जिल्ह्याची हद्द मानत नाहीत, आणि धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून जाऊन सिंदफणा नदीवरील माजलगाव जलाशयास मिळतो. हिवाळ्यात चक्रवाक, तलवार बदक, थापट्या ही बदके आणि हिमालय ओलांडून येणारा पट्टकदंब दिसतो. नाथसागरावर रोहितही उतरतात. भरल्या पाण्यावर वारकरी व बदके दूरवर पांगतात. पाणी ओसरून गाळपेराची जमीन उघडी पडली, की शेकाट्या, तुतवार हे चिखलात चोच खुपसणारे पक्षी काठाशी येतात. त्यामुळे जलाशय काठोकाठ भरलेले वर्ष निरीक्षकाला सोयीचे असतेच असे नाही. राक्षसभुवनसारख्या ठिकाणी गोदावरीच्या वाळवंटात नदीसुरय, आर्ली उघड्यावर अंडी घालतात. वाळू-उपशाने त्यांच्या विणीची जागाच नाहीशी होते.

माळरान व शेते : धरणांकडे लक्ष लागल्याने हा अधिवास उपेक्षित राहिला, खरे तर जिल्ह्याचे वैशिष्ट्य येथेच आहे. धाविक, चंडोल, तित्तर व पखुर्डी हे येथील रहिवासी. पखुर्डीचा नर पोटाच्या पिसांत पाणी शोषून पिलांना नेऊन पाजतो. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी पिकांवरून कमी उंचीवर घिरट्या घालत उंदीर व टोळ टिपतो. शाळूच्या कणसांवर भोरड्यांचे थवे उतरतात. शेतकरी गोफणीने त्यांना हाकलतो, पण याच भोरड्या टोळ व अळ्याही खातात.

माळढोक : १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य घोषित झाले. आष्टी तालुक्याची हद्द या अभयारण्याशी संबंधित नगरच्या कर्जत तालुक्याला भिडते, एवढ्यावरून हा पक्षी बीडच्या यादीत धरणे योग्य नाही.

बालाघाट : पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य (१९९४; २९.८९ चौ. किमी.) मोरांसाठी राखलेले आहे.

काळ : स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते मार्च, मोराच्या नाचासाठी पावसाळा. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ नोव्हेंबर ही वन्यजीव-अभ्यासक मारुती चितमपल्ली यांची, तर १२ नोव्हेंबर ही पक्षितज्ज्ञ सलीम अली यांची जन्मतारीख होय.