परसातील बेडूकतळे

परसातील बेडूकतळे म्हणजे घराचे परस, शाळेचे आवार किंवा शेतवस्ती यांच्या आसपास बेडकांच्या प्रजननासाठी राखलेला लहान, उथळ पाणसाठा होय. त्यात बेडूक बाहेरून आणून सोडले जात नाहीत. पाणी, सावली व आसरा मिळाल्यास परिसरातील बेडूक स्वतःहून येऊन अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या डिंभास भैकेर म्हणतात; टॅडपोल हा शब्दही मराठीत रूढ झाला आहे. भैकेराचे बेडकात रूपांतर होईपर्यंत पाणी टिकवून धरणे, हा अशा तळ्याचा मुख्य हेतू असतो. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात या तळ्याची रचना, निगा व मर्यादा यांची माहिती दिली आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

या दोन जिल्ह्यांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस झपाट्याने कमी होतो. महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, आटपाडी व जत या तालुक्यांत तो सुमारे पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. पूर्वेकडील या दुष्काळी पट्ट्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पडतो आणि त्याआधी अनेकदा दीर्घ उघडीप असते.

बेडकांच्या दृष्टीने हा फरक निर्णायक ठरतो. मे महिन्यातील वळवाच्या किंवा मृग नक्षत्राच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर अनेक जातींचे नर डराव डराव करू लागतात व एक-दोन रात्रींत अंडी घातली जातात. पुढे पावसाने ओढ दिल्यास डबकी आटतात आणि त्यांतील सर्व भैकेर मरतात. कडक उन्हात बाष्पीभवनाने पाण्याची पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर खाली जाऊ शकते. त्या हिशेबाने १५ सेंटिमीटर खोलीचे डबके पंधरवड्यात कोरडे पडते. भैकेराला मात्र जातीनुसार व पाण्याच्या तापमानानुसार साधारण एक ते दोन महिने लागतात. परसातील तळे ही तफावत भरून काढू शकते.

आढळणाऱ्या जाती

सोनबेडूक (होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस) : भारतातील सर्वांत मोठ्या बेडकांपैकी एक. प्रजननकाळात नराचा रंग पिवळाधमक होतो व गळ्याजवळील स्वरपिशव्या निळ्या दिसतात. याचे भैकेर मांसाहारी असून इतर जातींचे भैकेर खातात.

भेक (डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस) : खरबरीत, चामखिळींसारख्या त्वचेचा. वस्तीजवळ, दिव्याखाली किडे टिपताना नेहमी दिसतो. अंडी पारदर्शक, चिकट माळांच्या स्वरूपात असतात. भैकेर काळे असून थव्याने फिरतात.

वृक्षबेडूक (पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस) : बोटांच्या टोकांवरील चकत्यांच्या साहाय्याने भिंतीवर व झाडावर चढतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर किंवा हौदाच्या भिंतीवर तो फेसाचे घरटे करतो; काही दिवसांनी भैकेर त्यातून खालच्या पाण्यात पडतात.

युफ्लिक्टिस सायनोफ्लिक्टिस : पाण्याच्या पृष्ठभागावरून टणाटण उड्या मारत जाणारा बेडूक. बारमाही पाण्यात वर्षभर दिसतो.

मायक्रोहायला ऑर्नाटा : सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर लांबीचा, अरुंद तोंडाचा बेडूक. आकाराच्या मानाने आवाज मोठा असतो. भैकेर जवळजवळ पारदर्शक असतात.

रचना

सुमारे दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद खड्डा घरगुती तळ्यास पुरेसा होतो. मध्यभागी खोली ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवून किमान एका बाजूस ती हळूहळू शून्यावर आणतात. हा उतार अत्यावश्यक आहे. पुढचे पाय फुटल्यावर बेडकाचे पिल्लू फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. त्याला पाण्याबाहेर येता आले नाही तर ते बुडून मरते. सिमेंटचा उभ्या भिंतींचा हौद असल्यास त्यात दगडांची पायरी किंवा तिरकी फळी ठेवावी लागते.

तळाशी चिकणमाती थापतात किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर माती पसरतात. कृष्णाकाठची काळी माती वाळली की भेगाळते. म्हणून मातीचा तळ सतत ओला ठेवावा लागतो. तळ्याचा निम्मा भाग सावलीत असावा. काठाला लव्हाळा व वेखंड, पाण्यात कुमुद या वनस्पती योग्य होत. जलपर्णी मात्र लावू नये. ती अल्पावधीत सर्व पृष्ठभाग व्यापते. काठाशी दगडांचा ढीग व पालापाचोळा ठेवल्यास पिलांना लपण्यास ओलसर जागा मिळते.

भैकेरांचे संगोपन

उबदार पाण्यात अंडी सामान्यतः एक ते तीन दिवसांत फुटतात. प्रथम भैकेर कल्ल्यांनी श्वास घेतात. पुढे मागचे पाय दिसू लागतात, नंतर पुढचे. शेपूट गळून पडत नाही. ती शरीरात शोषली जाते. या शेवटच्या टप्प्यात तोंडाची व आतड्याची रचना बदलत असल्याने पिल्लू खात नाही आणि शेपटीतील साठ्यावर तग धरते.

बहुतेक भैकेर शेवाळ व कुजणारे वनस्पतिजन्य पदार्थ खातात. जुन्या तळ्यात वेगळे अन्न द्यावे लागत नाही. नव्या तळ्यात शेवाळ कमी असल्यास उकडलेल्या पालकाचा लहान तुकडा देता येतो, पण उरलेले अन्न त्याच दिवशी काढावे लागते. भात, पोळी किंवा पाव टाकल्यास पाणी नासते व त्यातील प्राणवायू कमी होतो.

पाणी कमी झाल्यास विहिरीचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी थोडे थोडे घालतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्याने ते उघड्या भांड्यात एक-दोन दिवस ठेवून मगच वापरतात. सर्व पाणी एकदम बदलणे घातक ठरते.

डास आणि मासे

साचलेल्या पाण्यामुळे डासांची भीती व्यक्त होते व ती निराधार नाही. डेंग्यू पसरवणारा एडीस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. भैकेर प्रामुख्याने शाकाहारी असल्याने डासांच्या अळ्यांच्या नियंत्रणासाठी त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. चतुरांच्या अळ्या व पाणकिडे हे काम करतात. त्यांना वसती करण्यास वेळ लागतो. तोपर्यंत आठवड्यातून किमान एकदा पाणी तपासून बारीक जाळीने अळ्या काढाव्या लागतात. बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूपासून तयार केलेले अळीनाशकही वापरले जाते. पाण्यावर रॉकेल किंवा जळके तेल ओतल्यास भैकेरही मरतात.

डासनियंत्रणासाठी गप्पी मासा १९०८ मध्ये व गंबुसिया १९२८ मध्ये भारतात आणला गेला. हे मासे अळ्यांप्रमाणेच बेडकांची अंडी व लहान भैकेरही खातात. म्हणून एकाच लहान तळ्यात मासे आणि भैकेर दोन्ही राखणे शक्य नसते.

अन्य धोके

तळ्याकडे दिवड व धामण हे बिनविषारी साप, तसेच प्रसंगी नागही भक्ष्याच्या शोधात येऊ शकतात. यासाठी तळे दारापासून व जनावरांच्या गोठ्यापासून दूर ठेवतात. लहान मुले असलेल्या घरी तळ्याभोवती कुंपण आवश्यक असते. ऊस व द्राक्षबागांवर फवारलेली कीटकनाशके वाऱ्याने किंवा पाटाच्या पाण्यातून तळ्यात येणार नाहीत, याचीही काळजी घ्यावी लागते.

राज्यात २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' या योजनेतून शेततळ्यांना चालना मिळाली. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याच्या निसरड्या, तीव्र उताराच्या कडांवरून बेडूक व इतर लहान प्राणी बाहेर पडू शकत नाहीत. कडेवरून पाण्यात सोडलेला काथ्याचा जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी त्यांना वर येण्यास उपयोगी पडते.

स्थलांतर आणि कायदा

दुसऱ्या ठिकाणची अंडी वा भैकेर आणून तळ्यात सोडणे टाळले जाते. त्यातून कायट्रिड बुरशीसारखे उभयचरांचे रोग पसरू शकतात. जाती हलवल्याचे परिणाम अंदमान बेटांवर दिसले आहेत: मुख्य भूमीवरील सोनबेडूक माणसामार्फत तेथे पोहोचला व स्थानिक जीवांना उपद्रवी ठरला.

सातारा जिल्ह्यापुरता हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. कोयना परिसरातून १९६३ मध्ये प्रथम वर्णिलेला कोयना भेक (झँथोफ्रायने कोयनायेन्सिस) उत्तर सह्याद्रीतील मोजक्याच ठिकाणी आढळतो व संकटग्रस्त मानला जातो. कास पठार, कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान यांचा २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतून वन्यजीव बाहेर नेण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे. सोनबेडकासही या कायद्याचे संरक्षण असून ते त्याच्या पिलांनाही लागू होते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये बंद केली.

लोकजीवनात

बेडूक आणि पाऊस यांचा संबंध प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०३ वे सूक्त मंडूकसूक्त म्हणून ओळखले जाते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पावसाने ओढ दिल्यास 'धोंडी' काढण्याची प्रथा होती. कडुलिंबाच्या डहाळ्या अंगाला बांधलेली मुले घरोघर जात व त्यांच्या अंगावर पाणी ओतले जाई. काही गावांत या वेळी मुसळाला बेडूक बांधला जात असे. संकुचित दृष्टीच्या माणसास मराठीत 'कूपमंडूक' म्हणतात. प्रत्यक्षात भेक, सोनबेडूक व वृक्षबेडूक वर्षाचा बराचसा काळ पाण्याबाहेर घालवतात आणि प्रजननापुरते पाण्याकडे परततात. त्या थोड्या आठवड्यांत पाणी टिकले, तरच त्यांची पुढील पिढी जमिनीवर येते.