हात, गज, वार आणि मीटर : रायपूरच्या कापडबाजारातील मोजमाप

इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. भोसल्यांच्या राजवटीबरोबर छत्तीसगडात मराठी कुटुंबे आली, १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि पुढे रायपूर विभागाचे मुख्य ठिकाण बनले, हा वृत्तांत वाचकांस परिचित आहे. परंतु या कुटुंबांतील गृहिणी लुगडे घेण्यास जात, तेव्हा ते कोणत्या मापाने मोजून मिळे, हाही प्रश्न इतिहासाचाच होय. तो क्षुल्लक मानण्याचे कारण नाही. नऊवारी लुगडे हातभर उणे भरले, तर निऱ्या अपुऱ्या पडतात आणि कासोटा धड बसत नाही. पदरमोड करून घेतलेले वस्त्र वाया जाते.

सर्वांत जुने माप म्हणजे हात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे हे अंतर ढोबळमानाने १८ इंच धरीत, म्हणून नऊ वारांचे लुगडे ते अठरा हातांचे. विणकराकडून थेट कापड घेताना हे माप सोयीचे, कारण ते विसरून घरी राहत नाही! अडचण एवढीच की हात कोणाचा धरावयाचा? विकणाऱ्याचा हात आखूड आणि घेणाऱ्याचा लांब असला, तर अठरा हातांत वीतभर अंतर सहज पडते. या वादाला तोड म्हणून लाकडी वा लोखंडी गज आला.

मात्र गजानेही वाद मिटला नाही. मुंबई इलाख्यातील कोष्टकात १६ तसूंचा हात आणि २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा, गज असे. उत्तर हिंदुस्थानात अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा. इंग्रजांनी तो ३३ इंच धरला. हिंदी बाजारपेठेत पुढे १६ गिरहांचा ३६ इंची गज रूढ झाला, आणि तोच आपला वार. शब्द एक, लांबी तीन प्रकारची! रायपूर हे मराठी आणि हिंदी मुलखांच्या सांध्यावरचे शहर. पुण्याकडच्या माणसाने २७ इंच मनात धरावे आणि येथील गादीवर ३६ इंची गजाचा भाव सांगितला जावा, तर तो माल महाग भासणे स्वाभाविक होते. वस्तुतः कापड तितकेच अधिक मिळे.

१८८० च्या दशकात नागपूरकडून लोहमार्ग छत्तीसगडात आला. १८७७ पासून नागपूरची एम्प्रेस मिल चालू होतीच; पुढे राजनांदगावातही गिरणी उभी राहिली, जी बंगाल नागपूर कॉटन मिल्स या नावाने प्रसिद्धीस आली. गिरणीच्या ताक्यास वारावारावर घडी असे. घाऊक व्यापारी घड्या मोजून हिशेब करी. किरकोळ दुकानदारास मात्र गज हाती धरावा लागे.

ती क्रिया पाहण्यासारखी असे. कापड गजावरून सरकत जाई, प्रत्येक वाराच्या शेवटी अंगठ्याने खूण धरली जाई आणि तेथूनच पुढचा वार सुरू होई. सारी मेख त्या अंगठ्यात! त्याची रुंदी प्रत्येक वेळी गिऱ्हाइकाच्या पदरात पडली तर नऊ वारांत चांगली वीतभर भर. उलट बाजूस गेली तर तितकीच तूट. कापड ताणून मोजणे ही दुसरी युक्ती. सैल धरून मोजणाऱ्या आणि शेवटी चार बोटे अधिक सोडणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पुनः येई, हे सांगणे न लगे.

माप झाले की फाडणे. मांजरपाट, लठ्ठा अशा साध्या विणीच्या सुती कापडास काठाशी कात्रीचा छेद देऊन दोन्ही हातांनी झटका दिला की ते आडव्या धाग्याच्या रेषेत सरळ फाटे. कात्री तिरकी जाऊ शकते, धागा जात नाही. म्हणून फाडलेले कापड अधिक विश्वासाचे. रेशीम, लोकर आणि पुढे आलेले टेरिलीन यांस कात्रीच लागे. नाजूक पोताच्या कापडातून एक आडवा धागा ओढून काढीत आणि त्या मोकळ्या रेषेवरून कात्री चालवीत. चोळीचा खण मात्र आखलेल्या तुकड्यानेच विकला जाई; तेथे गजास काम नव्हते.

१९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली गेली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. मीटर म्हणजे ३९.३७ इंच, वाराचा भाव रुपया असेल तर मीटरचा सुमारे १ रुपया ९ पैसे व्हावा. दर वाढवून सांगण्यास या फरकाने आयती सबब मिळाली, असे म्हणावयास हरकत नाही. सहावारीचे गणित सोपे सुटले, कारण सहा वार म्हणजे ५.४९ मीटर, अर्थात साडेपाच. नऊवारीचे तसे नाही. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, पूर्णांकाच्या मोहाने आठच मीटर फाडले, तर नऊ इंच, म्हणजे बरोबर अर्धा हात, कमी पडतो.

आज पंडरीच्या कापडबाजारात मीटरच चालतो. २००९ च्या कायद्यानुसार त्यावर पडताळणीचा शिक्का असावा लागतो. तरी शिंप्याच्या फितीवर इंच टिकून आहेत आणि लुगड्याचे नाव नऊवारीच आहे. ते घेताना सव्वाआठ मीटर मोजून मागावे.