अस्तरातली हवा

उत्रोली हे भोरजवळचे गाव. शिवकालाचा इतिहास वाचणाऱ्यांना ते खोपडे देशमुखांचे गाव म्हणून माहीत असते. मला ते माहीत आहे आजोळ म्हणून आणि तेथल्या थंडीमुळे. शाळेची पहिली काही वर्षे मी तेथेच काढली. पौषात पहाटे शेतांवर धुके उतरे, पारा दहा अंशांच्या आसपास येई आणि शाळेच्या ओट्यावर मुले उन्हाच्या पट्ट्याबरोबर सरकत बसत. या थंडीसाठी आजी मला घरीच बंडी शिवून देई. बाहेरून मांजरपाट, आतून तिच्याच जुन्या लुगड्याचे अस्तर आणि मध्ये पिंजलेला कापूस.

वर्गातल्या काही मुलांकडे दुकानातून आणलेले रंगीत स्वेटर होते. त्यांच्यापुढे मला माझ्या बंडीची लाज वाटे. वाटेतच ती काढून मी दप्तरात कोंबत असे आणि सकाळभर कुडकुडत बसत असे. घर जवळ आले की पुन्हा अंगात चढवी. आजीच्या हे लक्षात आले होते, कारण बंडीतला कापूस ठिकठिकाणी दबून गेलेला दिसे. ती रागावली नाही. "असं कोंबू नगंस, कापूस मरतो," एवढेच म्हणाली.

कापूस मरतो म्हणजे नेमके काय होते? कापूस तोच, वजन तेच, कापडही तेच. मग ऊब कोठे जाते? हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात दोनशे वर्षांपूर्वी विचारला गेला, आणि त्याच्या उत्तराची वाट शेवटी पुण्यापर्यंत येऊन पोचते.

बंडी कशी शिवत

प्रथम आजीचे काम पाहू. वर्षभर साठवलेला कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा. मांजरपाट अंथरून त्यावर कापसाचा सारखा थर द्यायचा आणि वर लुगड्याचे मऊ कापड पसरायचे. मग तिन्ही थरांतून लांब धावदोरा घालायचा. दोन ओळींत चार बोटांचे अंतर. टाके घातले की कापड आखडते, म्हणून आधी टाके आणि मग बेतणे, हा क्रम ती कधी मोडत नसे. मापाला गेल्या खेपेची बंडी असे. तिच्याहून दोन बोटे सगळीकडून सैल. शेवटी बाजू जोडून, कडांना लुगड्याच्या काठाची पट्टी लावून, पुढे बांधायला बंद लावायचे.

गोधडी मात्र ती वेगळ्या तऱ्हेने शिवे. तिचे टाके अगदी जवळजवळ. गोधडीत सुटा कापूस नसतो, जुन्या कापडांचेच अनेक थर असतात. ते सरकू नयेत आणि धुताना फाटू नयेत म्हणून टाके दाट लागतात. बंडीत टाके दाट घातले तर प्रत्येक ओळीवर कापूस दबतो आणि तेथून थंडी शिरते. ते फार विरळ घातले तर कापूस खाली घसरून खांद्यावर नुसते कापड उरते. चार बोटे हे या दोन अडचणींमधून काढलेले अंतर होते. शिल्पशास्त्रात ज्याला आरेखन म्हणतात ते याहून निराळे नसते.

म्यूनिकमधले प्रयोग

आता अठराव्या शतकाच्या अखेरीस जाऊ. बेंजामिन टॉम्पसन (१७५३-१८१४) हा अमेरिकेत जन्मलेला माणूस बव्हेरियाच्या राजाश्रयाला होता आणि पुढे काउंट रम्फर्ड या नावाने प्रसिद्ध झाला. सैन्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. म्यूनिकमधल्या भिकाऱ्यांना १७९० साली त्याने एका कार्यशाळेत आणले आणि तेथे त्यांच्याकडून सैनिकांचे कपडे तयार करून घेतले. थोड्या खर्चात अधिक उबदार कपडा कसा करावा, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न होता.

त्याने एक तापमापक काचेच्या गोलात बसवला आणि भोवतालच्या पोकळीत आळीपाळीने रेशीम, लोकर, कापूस, सशाची लव, पक्ष्यांची पिसे असे पदार्थ भरले. गोल उकळत्या पाण्यात तापवायचा, मग बर्फाच्या पाण्यात ठेवायचा आणि पारा ठराविक अंश उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. पोकळीत नुसती हवा असताना लागणाऱ्या वेळेच्या जवळजवळ दुप्पट वेळ कापूस किंवा लोकर भरल्यावर लागला. आणि कापूस व लोकर यांच्यातला फरक दहा टक्क्यांच्या आतच निघाला! मात्र तेच रेशीम पीळ देऊन दोऱ्याच्या रूपात भरले, तेव्हा ते सुट्या रेशमापेक्षा बरेच लवकर निवले. म्हणजे ऊब ही तंतूच्या जातीपेक्षा तो कसा मांडला आहे यावर अधिक अवलंबून होती.

हे प्रयोग १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उष्णता अडवते ती तंतूंमध्ये अडकून स्थिर झालेली हवा, हा रम्फर्डचा निष्कर्ष आजही मान्य आहे. मोकळी हवा तापली की वर जाते, तिची जागा थंड हवा घेते आणि या अभिसरणाबरोबर उष्णता निघून जाते. तंतूंचे जाळे हे अभिसरण थांबवते. मात्र हवेतून उष्णतेचे वहन मुळीच होत नाही, अशी रम्फर्डची समजूत होती आणि ती चूक ठरली. वहन होते, पण फार थोडे. पाण्यातून ते त्याच्या वीसपटीहून अधिक होते. ओली बंडी का उबदार राहत नाही, याचे उत्तर यातच आहे.

थोडे गणित करू. १५० ग्रॅम पिंजलेला कापूस अर्ध्या चौरस मीटरवर २ सेंटीमीटर जाडीने पसरला, तर तो १० लिटर जागा व्यापतो. कापसाच्या तंतूची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. म्हणजे प्रत्यक्ष कापूस आहे फक्त १०० घनसेंटीमीटर, एक दशांश लिटर. बंडीच्या पोटातले शंभरातले नव्व्याण्णव भाग ही हवाच! आता ती दप्तरात कोंबून जाडी अर्ध्या सेंटीमीटरवर आली, तर कापूस तेवढाच राहतो, पण हवेचा थर चौथाईवर येतो आणि ऊबही साधारण त्याच प्रमाणात घटते. आजीच्या भाषेत, कापूस मेला. त्याला पुन्हा जिवंत करायचा तर शिवण उसवून तो पिंजाऱ्याकडे न्यावा लागतो. पिंजारी कापसात दुसरे काही घालत नाही, तो फक्त हवा परत आणतो.

या उबेला एककही आहे. १९४१ साली गॅग, बर्टन आणि बॅझेट या शास्त्रज्ञांनी 'क्लो' नावाचे एकक सुचवले. २१ अंश सेल्सिअसच्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढा कपडा म्हणजे १ क्लो. चांगल्या पिंजलेल्या कापसाचा २ सेंटीमीटरचा थर साधारण ३ क्लो भरतो, तर दबून अर्धा सेंटीमीटर झालेला एक क्लोलाही कमी पडतो.

हिरवा कोट

रम्फर्डनंतर १३० वर्षांनी, १९२२ साली, इंग्रजांची एक तुकडी एव्हरेस्टच्या चढाईला निघाली. तिच्यात जॉर्ज इंगल फिंच नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. जन्म ऑस्ट्रेलियातला, शिक्षण झुरिकचे, नोकरी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात. बाकीचे गिर्यारोहक लोकरी सदरे आणि जाड कापडाचे कोट घालून निघाले होते. फिंचने मात्र बलूनसाठी वापरतात त्या हिरव्या कापडाचा कोट शिवून घेतला होता. बलूनच्या कापडातून वारा जात नाही. त्याच्या आतून अस्तर आणि मध्ये उत्तर समुद्रातल्या आयडर बदकाची मऊ पिसे, टाके घालून जागच्या जागी धरलेली. रचना तीच: वारा अडवणारे बाहेरचे कापड, मऊ अस्तर आणि मध्ये स्थिर हवा. फरक असा की आयडरची पिसे दाबून सोडली की पुन्हा फुलतात. त्यांना पिंजारी लागत नाही.

सोबत्यांनी त्या फुगलेल्या कोटाची थट्टा केली. पण उंची आणि वारा वाढत गेला तशी थट्टा थांबली आणि तोच कोट इतरांना हवासा वाटू लागला. मे महिन्याच्या अखेरीस फिंच, जेफ्री ब्रूस आणि तेजबीर हा गुरखा सैनिक असे तिघे सुमारे ७,७७० मीटर उंचीवर वादळात अडकले. दोन रात्री त्यांनी एका लहान तंबूत काढल्या. हातपाय गार पडत चालले तेव्हा फिंचने सगळ्यांना आळीपाळीने प्राणवायू घ्यायला लावले आणि अंगात ऊब परतली.

हे कसे झाले? कोट स्वतः उष्णता निर्माण करत नाही. उष्णता तयार होते शरीरात, अन्नाच्या ज्वलनातून, आणि त्याला प्राणवायू लागतो. तो कमी पडला की चूलच मंदावते. मग भोवती कितीही जाड अस्तर असले तरी ते राखणार काय? पुढे २७ मे रोजी फिंच आणि ब्रूस सुमारे ८,३२० मीटरपर्यंत पोचले. तोवर एवढ्या उंचीवर कोणीही चढले नव्हते.

तरीही १९२४ च्या मोहिमेतून फिंचला वगळण्यात आले. वरिष्ठांशी त्याचे पटत नव्हते आणि त्यांच्या दृष्टीने तो बाहेरचा माणूस होता. पिसे भरलेले कोट हा गिर्यारोहकांचा नेहमीचा पोशाख व्हायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आता पुण्याची गोष्ट. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक होते प्राध्यापक जॉर्ज इंगल फिंच, हिरव्या कोटाचे तेच फिंच! संचालकांच्या यादीत हे नाव प्रथम वाचले, तेव्हा मला दप्तरातली बंडी आठवली. पाषाणहून उत्रोली फार तर दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. फिंच येथे होते तेव्हा माझी आजी ऐन उमेदीत होती आणि दर हिवाळ्यात तीच रचना हाताने शिवत होती. फिंच यांचा कोट इतिहासात नोंदला गेला, कारण त्यांनी तो लिहून ठेवला. आजीचे चार बोटांचे अंतर कोणी लिहिले नाही. मी तर ते दप्तरात लपवले.

वर्गात करून पाहा

स्टीलचे चार सारखे पेले घ्या. चारांतही सारखेच गरम पाणी भरा आणि झाकण ठेवा. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्याभोवती ५० ग्रॅम पिंजलेला कापूस सैल कापडात धरून गुंडाळा. तिसऱ्याभोवती तेवढाच कापूस दोरीने करकचून आवळा. चौथ्याभोवती तेवढाच कापूस भिजवून, पिळून लावा. दर पाच मिनिटांनी तापमान टिपून चारही पेल्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे. उत्तर आधी सांगू नये. चौथा पेला पहिल्याच्या पुढे जाईल की मागे राहील, यावर वर्गात वाद होऊ द्यावा.

आणि मुलांना घरून हाताने शिवलेली एखादी वस्तू आणायला सांगा: बंडी, कुंची, दुलई, गोधडी, काहीही. ती कोणी शिवली, टाक्यांमधले अंतर किती आणि ते तेवढेच का, हे घरी विचारून लिहून आणू द्या. कदाचित तुमच्याही वर्गात एखादे मूल घरची बंडी वाटेत काढून दप्तरात कोंबत असेल. त्या दिवशी ती बाहेर निघेल, आणि फळ्यावर तिची जाडी सेंटीमीटरमध्ये लिहिली जाईल.