तिरकमठा : शस्त्र आणि विनोद

दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो, शमीची पूजा करतो आणि वीस दिवसांनी दिवाळीच्या फराळाला बसतो. या दोन सणांच्या गडबडीत शमीवरच्या त्या प्रसिद्ध गाठोड्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीबाहेरच्या शमीवर बांधून ठेवली, वर्ष सरल्यावर अर्जुनाने गांडीव खाली उतरवले आणि विराटाच्या गाई वळवून नेणाऱ्या कौरवसेनेला एकट्याने मागे हटवले, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. तिच्या कडेला मात्र एक गोड तपशील आहे. रणावर निघालेल्या बृहन्नडेला राजकन्या उत्तरेने सांगून ठेवले होते, की येताना माझ्या बाहुल्यांसाठी कौरवांची उंची वस्त्रे घेऊन ये. आणि अर्जुनाने उत्तराकरवी ती आणवलीही. वर्षभर झाडावर टांगलेल्या गांडिवाची पहिली कमाई म्हणजे बाहुल्यांचे कपडे!

शस्त्र आणि खेळ यांचे नाते हे असे जुने आहे. या लेखात ते जालना जिल्ह्याच्या मातीवरून पाहावयाचे आहे. जिल्हा म्हणून जालना वयाने लहान. १ मे १९८१ रोजी तो औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. परंतु भूमी जुनी. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर ज्यांच्या दानाचे लेख आहेत त्या दात्यांत ‘भोगवर्धन’ गावचे लोक आहेत, आणि ते भोगवर्धन म्हणजे आजचे भोकरदन.

या मुलखात हिवाळा आला, की धनुष्याची एक जात पूर्वी हमखास दारी येई. ती पिंजाऱ्याची. कपाशीचा हा प्रदेश. थंडी पडू लागली की गाद्या आणि रजया उकलावयाच्या, जुना कापूस पिंजून घ्यावयाचा. पिंजारी खांद्यावर धनुकली टाकून येई आणि तिच्या तातीचा टणत्कार गल्लीभर घुमे. मुले भोवती कोंडाळे करून बसत. मग बांबूची कामठी, थोडी सुतळी आणि ज्वारीचे वाळलेले धांडे एवढ्या सामग्रीवर प्रत्येकाचे गांडीव तयार होई. आपल्या भाषेत त्याला शब्दही किती सुरेख आहे : तिरकमठा. तीर फारसीतून आलेला आणि कमठा घरचा. दोघे असे जुळले की सांधा दिसू नये.

खेळाला ऋतूही हाच योग्य. पावसाळ्यात पिसे भिजून बाण जड होतो. लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू सरसाने जोडून केलेली जी जुनी जोडधनुष्ये मोगल सैन्यात असत, त्यांचे तर ओल ही वैरीण. दसऱ्याला सीमोल्लंघन करण्याच्या चालीमागे नद्या उतरणे आणि वाटा वाळणे ही कारणे आहेतच. आयुधे कोरडी राहणे हेही त्यांपैकीच एक मानावयास हरकत नाही. मार्गशीर्ष-पौषात सकाळची हवा स्वच्छ असते, वारा बेताचा, ऊन अंगाला हवेसे वाटणारे. शेतात हुरडा भाजला जात असावा आणि पलीकडे मोकळ्या पडीत मातीच्या बांधापुढे गवताचे लक्ष्य उभे असावे, यासारखा विरंगुळा कोणता?

आता कोणी म्हणेल, की शस्त्राचा विरंगुळा करणे ही आधुनिकांची हौस. तसे मात्र नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठवाड्याचा हा भाग त्या काळी चालुक्यांच्याच छायेत होता. इतकेच नव्हे, तर जुन्या मराठीचे काही नमुनेही या ग्रंथात सापडतात. ग्रंथाचे पाच भाग आणि शंभर अध्याय. त्यांतला एक संबंध भाग राजाच्या विनोदांना दिलेला आहे. विनोद म्हणजे येथे थट्टा नव्हे, करमणूक. गाणे, नाच, कथा, मल्लांच्या कुस्त्या, हत्तीघोड्यांचे खेळ यांच्या पंक्तीत तेथे ‘शस्त्रविनोद’ही आहे. म्हणजे जो बाण रणात शत्रूवर सोडावयाचा, तोच सभेत रसिकांपुढे कौशल्य म्हणून सोडावयाचा, ही कल्पना आपल्याकडे नऊशे वर्षांची आहे. फक्त तो विनोद राजाचा होता, हे विसरता कामा नये.

प्रजेच्या हातातील धनुष्य निराळे होते. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरांतील भिल्लांचे धनुष्य बांबूचे, आणि त्याची दोरीदेखील बांबूचीच चीप काढून केलेली. पाण्यापावसाला न भिणारे, जेथे मोडेल तेथेच नवे करता येणारे. त्याच्याकडे विनोद म्हणून पाहण्याची चैन त्या डोंगरात नव्हती. ते पोटाचे साधन होते आणि प्रसंगी स्वातंत्र्याचेही. १८२५ साली इंग्रजांनी जेम्स औट्रम याच्या हाताखाली खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तीही या लोकांना केवळ बळाने वाकवता येत नाही हे कळल्यावर.

शिवकालातही धनुष्य अडगळीत पडले नव्हते. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात मावळ्यांच्या पायदळासंबंधी एक मार्मिक गोष्ट नोंदली आहे : दर दहा माणसांत एकाजवळ बंदुकीऐवजी तिरकमठा असे. कारण उघड आहे. रात्रीच्या छाप्यात बंदूक वाजली की गाव जागा होतो. बाण बोलत नाही. ज्या महाराजांनी ही बारीक व्यवस्था ठेवली, त्यांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये खुद्द जालन्याची श्रीमंत मोगली पेठ चार दिवस लुटली, हे येथील लोक अजून सांगतात. महाराजांच्या अखेरच्या मोठ्या मोहिमांपैकी ती एक.

याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली रामनवमीला तेथे नारायण नावाचा मुलगा जन्मला आणि पुढे समर्थ रामदास म्हणून ख्यात झाला. समर्थांचे उपास्य दैवत कोदंडधारी राम. मराठी मनात धनुष्याची जी प्रतिमा ठसली आहे, ती बहुधा याच रामाची : खांद्यावर धनुष्य आणि चेहऱ्यावर मात्र कमालीची शांती. बाण ज्याच्या हाती आहे त्याने आधी स्वतः स्थिर असावे, हा धडा मूर्तिकारांनी न बोलता देऊन ठेवला आहे.

पुढे बंदूक आली, तोफ आली, आणि बाणाचे दिवस भरले. ते किती पुरते भरले होते याची साक्ष द्यावयास याच जिल्ह्यातले असई गाव समर्थ आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची येथे गाठ पडली. केळणा नदीला उतार कोठे आहे हे त्याला कोणी सांगेना. तेव्हा दोन्ही तीरांवर समोरासमोर पिंपळगाव आणि वरूड ही गावे पाहून त्याने तर्क केला, की यांच्यामध्ये जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे. तर्क खरा ठरला. तरीही मराठी तोफखान्याने त्याचे सुमारे सोळाशे लोक मारले वा घायाळ केले. पुढे नेपोलियनला जिंकलेला हा सेनापती आपल्या लढायांत असईला फार वरचे स्थान देत असे. त्या दिवसाचा निकाल तोफांनी आणि संगिनींनी लावला. बाणाला तेथे काम उरले नव्हते.

इतिहासाची गंमत अशी, की वेलस्लीच्या देशात याच सुमारास धनुष्याला नवा जन्म मिळत होता. इंग्लंडच्या लांब धनुष्याने १४१५ साली अझिंकूरला फ्रेंच सरदारांचे कंबरडे मोडले होते. पण सोळाव्या शतकाच्या अखेरीस तेथील लष्करातून ते हद्दपार झाले. आणि १७८१ साली, म्हणजे असईच्या आधी अवघी बावीस वर्षे, लंडनमध्ये सर ॲश्टन लीव्हर याने धनुर्विद्येच्या हौशी लोकांचे मंडळ काढले. युवराज त्याचा आश्रयदाता झाला. हिरवळीवर निशाणे उभी राहिली आणि स्त्रियाही हाती धनुष्य घेऊ लागल्या. त्यात भर घातली कादंबरीकाराने. १८१९ च्या अखेरीस वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ निघाली. तिच्यातला लॉक्स्ली, म्हणजे आपला रॉबिन हूड, निशाणात रुतलेला दुसऱ्याचा बाण आपल्या बाणाने चिरतो. तो बाण तेव्हापासून किती पोरांच्या स्वप्नात सुटला असेल, त्याची गणती नाही.

आपल्याकडे ही कामगिरी कथाकारांनी फार पूर्वीच केली होती. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, १९६७ साली ‘मृत्युंजय’ने कर्ण घराघरात नेला, आणि १९८७-८८ मध्ये दूरदर्शनच्या रामायणाने तर गल्लीगल्लीत तिरकमठे उभे केले. येथे आयाबापांसाठी एक वाक्य लिहिलेच पाहिजे : खराट्याच्या काडीचा बाण डोळ्याला बाणच असतो. ज्या खेळाला बांध नाही, वेळ नाही आणि पाहणारा वडीलधारा नाही, तो खेळ नव्हे.

आणि येथेच कथेतला सर्वांत अवघड प्रसंग आडवा येतो. द्रोणांनी शिष्यांची परीक्षा घेतली, तेव्हा झाडावरचा पक्षी कारागिराने केलेला, खोटा होता. ती हत्या नव्हती, सराव होता. आणि अर्जुनाला पक्ष्याच्या मस्तकावाचून काही दिसले नाही. लक्ष आणि लक्ष्य यांत एका ‘य’चेच अंतर आहे, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण याच गुरूने निषादपुत्र एकलव्याला दारातून परत पाठवले आणि तो आपल्या आपण शिकला तेव्हा त्याचा अंगठा मागून घेतला. महाभारत सांगते, की एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारी, पण पूर्वीची त्वरा राहिली नाही.

या तपशिलात जाणकारीही आहे. आशियातले पुष्कळ धनुर्धर दोरी अंगठ्याने ओढत. मोगल बादशहा त्यासाठी जेडच्या दगडाची सुबक अंगठी घालीत. अंगठा गेला की ती सारी विद्या गेली. आजच्या ऑलिंपिकमध्ये मात्र खेळाडू दोरी तीन बोटांनी ओढतो. अंगठा तिला लागत नाही. ७० मीटरवर १२२ सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य, त्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचे, आणि बाण तेथे पोचावयास सेकंदाहून थोडा अधिक वेळ. वाटेत तो माशासारखा वळवळत जातो. दोरीच्या धक्क्याने वाकून, धनुष्याच्या दांडीला वळसा घालून, पुन्हा सरळ होतो. म्हणून फार ताठ बाण चालत नाही आणि फार लवचीकही नाही. धनुष्याच्या जोराला जुळेल तोच लागतो.

प्रश्न एवढाच, की आजचे गुरू दार कोणाला उघडतात? ऑलिंपिकमध्ये ५२ वर्षांच्या खंडानंतर १९७२ साली धनुर्विद्या परतली आणि १९७३ साली भारतीय संघटना स्थापन झाली. त्यानंतर पन्नास वर्षांनी उत्तर मिळाले, ते महाराष्ट्राच्या गावागावांतून. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा; जिल्हा परिषदेच्या शाळेतून निघून तो टोकियो ऑलिंपिकला पोचला. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघेही एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. आणि जालन्याला खेटूनच असलेल्या बुलढाण्याचा प्रथमेश जावकर त्याच वर्षी शांघायच्या विश्वचषकात जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला एका गुणाने हरवून आला. या तिघांचे धनुष्य चाकांचे, कंपाउंड म्हणतात ते. त्यात दोरी सोडावयाची कळ पुष्कळ खेळाडू अंगठ्यानेच दाबतात. द्रोणांनी मागून घेतलेला अंगठा असा दूरच्या वाटेने परत आला, असे म्हणण्याचा मोह होतो.

तात्पर्य, शस्त्राचा छंद झाला म्हणजे त्याची अवनती झाली, असे समजण्याचे कारण नाही. असईच्या रानात हरलेला बाण मैदानात जिंकला, तो कोणाला मारावयाचे नाही म्हणूनच. सोमेश्वराच्या काळी जो विनोद राजाचा होता, तो मजुराच्या मुलापर्यंत पोचला, ही त्याची खरी उन्नती. आता तो भोकरदनच्या, जांबच्या, असईच्या पोरांपर्यंतही पोचावा. बांबू आपल्याकडे आहे, हिवाळ्याची सकाळ आहे, मोकळी पडीत जमीन आहे. एक मातीचा बांध घालावा, एक शिकवणारा शोधावा, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला त्याची जात किंवा बापाची मिळकत न विचारता धनुष्य हाती द्यावे. गुरुदक्षिणा म्हणून एवढेच मागावे, की बाण सोडण्याआधी क्षणभर स्थिर उभा राहा.