वाहते पाणी आणि आटती विहीर

नरखेड तालुक्यातील मोवाड हे वर्धा नदीच्या काठचे जुने गाव. तेथे १८६७ साली नगरपालिका स्थापन झाली. ३० जुलै १९९१ रोजी वर्धेला महापूर आला, दोनशेंहून अधिक माणसे दगावली आणि गाव पुढे नव्या जागी वसवावे लागले. ज्या तालुक्याने पाण्याचे असे रौद्र रूप पाहिले, तोच पुढे भूजलाच्या सरकारी पाहणीत अतिउपशाचा तालुका ठरला. नदीचा तो महापूर गावकऱ्यांना अडवता आला नसता, हे उघड आहे. परंतु गावात पडलेल्या पावसाचे आपण काय करतो, हा प्रश्न मात्र सर्वस्वी आपला आहे. त्याचाच येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा मुलूख संत्र्याचा. आंबिया बहार धरला की ऐन उन्हाळ्यात झाडाला पाणी हवे. विहिरी पुरेनात, म्हणून बोअर आले आणि ते खोल खोल जात राहिले. पण येथील भूमी काळ्या कातळाची. पाणी राहते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. त्याखालची कोठी फार लहान. ती दरसाल भरली पाहिजे, नाहीतर ती रिकामीच होणार.

आपल्या पूर्वजांनी काय केले? देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने नागपूर वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने नाग नदीचे पाणी अडवून जुम्मा तलाव बांधला; तोच आजचा गांधीसागर. त्याला भूजलाचे शास्त्र ठाऊक होते, असे आम्ही म्हणणार नाही. पण तलावाचा गुण असा, की तो पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसवतो आणि भूमी झिरपू देईल तेथे आसपासच्या विहिरींनाही ओल देतो. पुढे नागपूरला कन्हान आणि पेंचचे पाणी नळाने येऊ लागले. पाणी दुरून येऊ लागले, की दाराशी असलेल्या पाण्याची किंमत उरत नाही. जुन्या तलावांत सांडपाणी शिरले. पावसाचे पाणी आणि घरातील घाण यांना एकच वाट मिळाली, आणि दोन्ही वाया गेली.

ही वाट वेगळी करता येते काय? दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या अटलांटिस या गावाने ती केली. १९७९ च्या सुमारापासून तेथे वस्तीतील पावसाचे पाणी तळ्यांतून निववून वाळूत मुरवले जाते आणि पुढे विहिरींतून उपसून गावाला दिले जाते. कारखान्यांकडचे खारट पाणी मात्र त्यात मिसळू देत नाहीत. ते निराळे काढून समुद्राकडे नेतात. त्या योजनेचे खरे मर्म या निवडीतच आहे.

अटलांटिसखाली वाळू आहे, आपल्याखाली कातळ. तेव्हा नक्कल करून भागणार नाही. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. तेथे खड्डा खणला तर डबकेच होईल. मुरूम जेथे उघडा पडतो, अशी जागा शोधली पाहिजे. आधी गाळ बसविणारे टाके, मग गवत आणि लव्हाळ्याचा उथळ पट्टा, मग वाळू-खडीचा थर, आणि शेवटी मुरूम, असा पाण्याचा प्रवास असावा. गटाराचे पाणी थेट जुन्या विहिरीत सोडणे म्हणजे विहिरीला विष पाजणे होय.

हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ९०,००० लिटर पाणी उतरते. सगळे मुरणार नाही. काही वाफेत जाईल, काही वाहून जाईल. पण आज त्यातले बहुतेक गटारात जाते. शिवाय जेवढे मुरेल त्याहून अधिक उपसले, तर कोणतीही योजना तारणार नाही. भरणे आणि उपसणे यांचा मेळ घालणे, हे राजाचे काम होते तेव्हा राजाने तलाव बांधले. आज राज्य आपले आहे. तेव्हा हे कामही आपलेच.