समोरच्या माणसाचा पडदा

* दुसरा मॉनिटर : आधार नोंदणीच्या संचात ऑपरेटरच्या मॉनिटरखेरीज दुसरा मॉनिटर अपेक्षित असतो. टाइप केलेले नाव, पत्ता, जन्मतारीख समोर बसलेल्या माणसाने स्वतः पाहून घ्यावी, हा त्याचा हेतू. नावातली एक वेलांटी चुकली की पुढे बँकेत, शाळेत माणूस अडतो. त्यामुळे या पडद्याचे मोल मोठे.

आता प्रोग्रॅमची विंडो या दुसऱ्या मॉनिटरवर पोचते कशी? विंडोज प्रणालीत मुख्य स्क्रीनचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य. १३६६ पिक्सेल रुंद स्क्रीनच्या लगत उजवीकडे मांडलेला मॉनिटर आडव्या मोजणीत १३६६ पासून सुरू होतो. डावीकडे मांडला तर आकडे ऋण होतात. प्रोग्रॅमने विंडोच्या जागेचे हे आकडे जपून ठेवले आणि मधल्या काळात मॉनिटर काढला, तर प्रोग्रॅम चालू असूनही विंडो दिसत नाही. ऑपरेटर गोंधळतो, रांग खोळंबते. विंडोज, शिफ्ट आणि बाण या कळा एकत्र दाबून पाहाव्यात. विंडो बहुधा परत येते.

मॅकच्या कोको या प्रोग्रॅमिंग पद्धतीत हीच मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यापासून. लिनक्सवरच्या जुन्या एक्स व्यवस्थेत आकार आणि जागा एकाच ओळीत सांगता येतात. नव्या वेलँडमध्ये मात्र सामान्य प्रोग्रॅमला स्वतःची जागा ठरवताच येत नाही.

म्हणून जिथे जागा ठरवता येते तिथे, जपलेली जागा आज जोडलेल्या स्क्रीनवर आहे का, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी विंडो उघडण्याआधी तपासावेच.